आणखी दोन हात

एप्रिल सरत आला, की तालुक्याच्या गावात तीन वर्षांचं मूल असलेल्या प्रत्येक घरात एकच विषय निघतो. पोराला घालायचं कुठे? गल्लीच्या टोकाला समाजमंदिराच्या खोलीत अंगणवाडी भरते. तिथे फी नाही आणि खाऊ मिळतो. पेठेतल्या जुन्या मराठी शाळेनं शिशुवर्ग काढलेला असतो, लहान गट आणि मोठा गट. कुठे महिला मंडळाची बालवाडी अजून तग धरून असते. आणि बायपासकडे एखाद्या बंगल्याच्या तळमजल्यावर इंग्रजी नावाचं प्ले स्कूल उघडलेलं असतं. त्याची पिवळी व्हॅन दारापर्यंत येते. शेजारचा मुलगा टाय लावून त्या व्हॅनमध्ये चढताना दिसला, की आपलं मूल फोडणीच्या वासाच्या त्या एका खोलीत पाठवायला आईबापांचा जीव होत नाही. “अंगणवाडीत काय, खिचडी खायला पाठवायचं का?” असं आजीही म्हणून जाते.

मग मधला मार्ग निघतो. मुलाचं नाव अंगणवाडीच्या पटावर राहतं, कारण लस, वजन आणि आहार तिथे मिळतो. आणि ‘शिकायला’ ते खासगी वर्गात जातं. पटावर नावं भरपूर, सतरंजीवर मुलं मोजकी, हे चित्र त्यातून तयार होतं. मुलीच्या वाट्याला मात्र हा मधला मार्ग तितकासा येत नाही. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या २०१९ सालच्या फेरीत २४ राज्यांमधल्या २६ जिल्ह्यांतली गावं होती. चार-पाच वर्षांच्या मुलींपैकी ५६.८ टक्के सरकारी अंगणवाडीत किंवा शाळेत जात होत्या आणि त्याच वयाच्या मुलग्यांपैकी ५०.४ टक्के. भावाला व्हॅन आणि बहिणीला अंगणवाडी, हा हिशेब इतक्या लहान वयापासून सुरू होतो.

या सगळ्या धावपळीत एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. या वेगवेगळ्या खोल्यांमध्ये सकाळभर मुलांबरोबर नेमकं घडतं काय?

दिल्लीच्या आंबेडकर विद्यापीठानं आणि ही पाहणी करणाऱ्या असर सेंटरनं मिळून हा प्रश्न बारकाईनं विचारला होता. आसाम, राजस्थान आणि तेलंगण या तीन राज्यांतल्या सुमारे १४ हजार मुलांचा चौथ्या वर्षापासून आठव्या वर्षापर्यंत माग ठेवला गेला. २०१७ साली अहवाल आला. त्यात अंगणवाडी हरली आणि खासगी वर्ग जिंकला, असं काही नव्हतं. खासगी वर्गांमध्ये पहिली-दुसरीचाच अभ्यास खाली ओढलेला होता: अक्षरं गिरवणं, आकडे घोकणं, एका जागी बसणं. अंगणवाड्यांमध्ये मुलांना शिकवण्यासाठी ठरवून दिलेला वेळच फार थोडा होता. पाच वर्षांची बहुतेक मुलं पहिलीसाठी जेवढी तयार हवीत, तेवढी दोन्हीकडे नव्हती. जिथे खेळ होते, गोष्टी होत्या, हाताळायला वस्तू होत्या, तिथली मुलं पुढे होती. फाटकावरच्या पाटीचा आणि मुलाच्या तयारीचा संबंध लागत नव्हता.

आपल्याकडे तर याची जाण फार जुनी आहे. ‘अंगणवाडी’ हा शब्द कुठल्या सचिवालयात जन्मला नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक भावनगरला त्याच क्षेत्रातल्या गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आल्या होत्या, १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाच्या उभारणीत होत्या, माँटेसोरी पद्धत त्यांनी मुळापासून अभ्यासली होती. पण माँटेसोरीची साधनं महाग आणि ती वापरणारी मुलं शहरातली, सुखवस्तू घरातली. हे त्यांना सलत होतं. १९४५ मध्ये त्या समुद्रकाठच्या बोर्डीला गेल्या. आज पालघर जिल्ह्यात असलेलं हे गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. तिथे बालवाडी काढली, तर वस्तीतली गरीब मुलं येईनात. मग ताराबाईंनी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनं मुलाकडे जावं, इतका सरळ विचार त्यामागे होता. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. मुलांना न्हाऊ घालायचं, नखं कापायची, मग गोष्ट, गाणं, शंखशिंपले, बिया, माती. पुढे १९५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तिथे कुरणशाळाही निघाली. अंघोळ आणि गोष्ट एकाच बाईच्या हातून होत होती, पण गोष्टीला दुय्यम जागा कधी नव्हती.

तीस वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांपासून सुरू केली आणि तो शब्द देशभर गेला. आज देशात जवळपास १४ लाख अंगणवाड्या आहेत, महाराष्ट्रात लाखाहून जास्त. जगात इतकं मोठं जाळं क्वचितच असेल, आणि ते उभं राहिलं याचा मला मनापासून अभिमान वाटतो. योजनेत सहा सेवा ठरल्या: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आयांना आरोग्य-आहाराचं शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण. सहापैकी पाच शरीरासाठी. कुपोषण पाहता ते रास्तच होतं, आणि आजही आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी आढळली होती.

पुढे कायदा आला, तोही आहाराच्या बाजूनं. एका नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये ही योजना प्रत्येक वस्तीपर्यंत न्यायला सांगितलं, २००६ मध्ये १४ लाख केंद्रांचा आकडा घालून दिला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं तीन ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीत रोज ५०० उष्मांकांचा आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनांचा गरम आहार मिळालाच पाहिजे, असं लिहून ठेवलं. शिक्षणाचं मात्र तसं झालं नाही. २००२ च्या घटनादुरुस्तीनं शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला तो सहा ते चौदा वयाला. सहाखालच्या मुलांसाठी कलम ४५ मध्ये राज्यानं ‘प्रयत्न करावा’ एवढंच आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या अकराव्या कलमात तर शासन अशी व्यवस्था ‘करू शकेल’ असं क्रियापद आहे. म्हणजे अंगणवाडीतल्या मुलाचा खिचडीवर कायदेशीर हक्क आहे. गोष्टीवर नाही.

जिथे हक्क नसतो तिथे हिशेब मागितला जात नाही, आणि ज्याचा हिशेब मागितला जात नाही ते काम दिवसातून आपोआप गळतं. सेविकेची सकाळ बघितली की हे कळतं. मुलं गोळा करायची, हजेरी घ्यायची, आहार आला का, पुरेसा आहे का बघायचं. वजन-उंची मोजून मोबाइलमधल्या पोषण ट्रॅकरमध्ये भरायची. गरोदर बाई दारात आली तर तिची नोंद. लसीकरणाचा दिवस असेल तर वस्तीत फिरून आयांना बोलावून आणायचं. दुपारी गृहभेटी. मध्येच कुठलं तरी सर्वेक्षण, मध्येच मतदारयादी. मदतनीस असते, पण ती भांडी, झाडलोट आणि मुलांची ने-आण यांतून सुटत नाही. पर्यवेक्षिका आली की पहिल्यांदा वजनाचे तक्ते बघते; मुलांनी आज कुठला खेळ खेळला, हे विचारायला तिच्याकडे रकाना नसतो. आणि या सगळ्याबद्दल सेविकेला पगार मिळत नाही, ‘मानधन’ मिळतं. ती कागदोपत्री मानसेवी. २०१८ मध्ये केंद्रानं यासाठी महिना ४,५०० रुपयांचा दर ठरवला, राज्य त्यात आपली भर घालतं. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. तरीही ४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातल्या सेविकांना दीर्घ संपावर जावं लागलं, तेव्हा मागण्यांमध्ये ग्रॅच्युइटी होतीच. अशा बाईला आपण म्हणतो, की तुमच्याकडे शिकवत नाहीत.

छोट्या शहरात या अडचणीत आणखी एक भर पडते. खेड्यातली अंगणवाडी जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत येते. ग्रामपंचायत जवळ असते, गावठाणात जागा मिळते, सरपंचाला विचारता येतं. नगरपालिकेच्या हद्दीतले नागरी प्रकल्प जिल्हा परिषदेकडे नसतात आणि नगरपालिकेकडेही नसतात. ते थेट राज्याच्या बालविकास आयुक्तालयाखाली येतात. त्यामुळे नळाला पाणी नाही, छत गळतंय, संडास नाही, असं सांगायला गेलं की पालिकेत ‘हे आमच्याकडे नाही’ हे उत्तर मिळतं. आणि केंद्र भरतं भाड्याच्या खोलीत, देवळाच्या ओवरीत, कुणाच्या तरी पडवीत. घरमालकाकडे लग्नकार्य निघालं की त्या दिवशी अंगणवाडीला सुट्टी. ताराबाईंनी अंगणात नेलेल्या शाळेला गावातच अंगण उरलेलं नसतं.

मग करायचं काय? याचं मला पटलेलं उत्तर तमिळनाडूतून आलं आहे. अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन, अलेहांद्रो गॅनिमियन आणि ख्रिस्तोफर वॉल्टर्स यांनी तिथल्या सरकारबरोबर ६४० अंगणवाड्या घेतल्या. चिठ्ठी टाकावी तशा त्यांतल्या ३२० निवडल्या आणि तिथे फक्त एक गोष्ट केली: अर्धा दिवस काम करणारी आणखी एक बाई दिली. तिचं काम एकच, मुलांना शिकवणं. नवी इमारत दिली नाही, टॅब दिले नाहीत. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला. दीड वर्षानं पाहिलं, तर ती मुलं भाषा आणि गणित दोन्हींत इतर केंद्रांतल्या मुलांच्या स्पष्ट पुढे गेली होती. खरी गंमत त्याच्या पुढची आहे. मुलं खुजी राहण्याचं आणि तीव्र कुपोषणाचं प्रमाणही घटलं. शिकवण्यातून मोकळी झालेली मूळची सेविका आहार आणि आरोग्याकडे नीट बघू शकली. खिचडी आणि गोष्ट यांचं भांडण नव्हतंच. एकाच बाईच्या दोन हातांत ती दोन्ही मावत नव्हती, एवढंच. या खर्चाचा पुढे मिळणारा फायदा संशोधकांनी खर्चाच्या १३ ते २१ पट काढला आहे.

बालशिक्षणाचा फायदा म्हटलं की अमेरिकेतल्या एका छोट्या गावाचं नाव घ्यावंच लागतं. डेट्रॉइटजवळ इप्सिलांटी नावाचं गाव आहे. तिथल्या सरकारी शाळांमध्ये काम करणारे डेव्हिड वायकार्ट यांना दिसत होतं, की कृष्णवर्णीयांच्या गरीब वस्तीतली मुलं वर्षामागून वर्ष मागे पडत आहेत. १९६२ मध्ये त्यांनी पेरी शाळेत तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी वर्ग काढला. एकूण १२३ मुलं होती. त्यांतली ५८ वर्गात आली, ६५ आली नाहीत, आणि दोन्ही गटांचा माग पुढे चाळिशीपर्यंत घेतला गेला. सकाळी अडीच तास वर्ग, पाच-सहा मुलांमागे एक शिक्षिका, आठवड्यातून एकदा घरी भेट. मूल आधी सांगायचं की आज मी काय करणार, मग ते करायचं, मग काय केलं ते पुन्हा सांगायचं. सगळा अभ्यासक्रम या तीन गोष्टींभोवती फिरत होता.

सुरुवातीला या मुलांचा बुद्ध्यंक झपाट्यानं वाढला. दोन-चार वर्षांत ती वाढ विरून गेली आणि प्रयोग फसला, असं अनेकांना वाटलं. पण ही मुलं मोठी झाली तेव्हा वर्गात आलेल्यांपैकी ७७ टक्के जणांनी शालान्त शिक्षण पुरं केलं होतं, न आलेल्यांपैकी ६० टक्के जणांनी. चाळिशीत त्यांची कमाई जास्त होती. पाच किंवा अधिक वेळा अटक झालेले इकडे ३६ टक्के होते, तिकडे ५५ टक्के. नोबेल मिळवलेले अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन यांनी हिशेब मांडला, तर त्या वर्गावर घातलेला पैसा वर्षाला ७ ते १० टक्के दरानं समाजाला परत मिळत होता. अठ्ठावन्न मुलं म्हणजे फार लहान नमुना, आणि पाच मुलांमागे एक शिक्षिका ही चैन आपल्याला झेपणारी नाही, हे मान्य. तरी त्यातून एक कळतं. मुलाला अडीच तासांत मिळालेली ती वस्तू पाटीवरच्या बाराखडीत मोजता येणारी नव्हती. ठरवणं, टिकून राहणं, केलेलं सांगता येणं, हे सगळं ते मूल बरोबर घेऊन गेलं.

अमेरिकेतल्याच टेनेसी राज्यात उलटं घडलं. तिथे सरकारी बालवर्गासाठी अर्ज केलेल्या सुमारे तीन हजार मुलांचा माग घेतला गेला. चिठ्ठीनं जागा मिळालेली मुलं बालवर्ग संपला तेव्हा पुढे होती. सहावीत पोचेपर्यंत जागा न मिळालेल्या मुलांपेक्षा परीक्षेत मागे होती, शिस्तीच्या तक्रारीही त्यांच्याच जास्त. हे निष्कर्ष २०२२ मध्ये आले तेव्हा खळबळ उडाली. संशोधकांपैकी डेल फॅरन यांचा रोख वर्गांतल्या दिनक्रमावर होता: मुलं सारखी एका घोळक्यात बसवलेली, बाई बोलतात आणि मुलं ऐकतात, बराच वेळ गप्प ठेवण्यात आणि रांगा लावण्यात जातो. आपल्याकडच्या कितीतरी सीनियर केजीचं वर्णन याहून वेगळं नाही.

लिहायला लावण्याच्या घाईबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पालकांची सगळ्यात मोठी चूक तिथे होते. माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. तीन वर्षांच्या मुलाच्या हाताचा एक्स-रे काढला, तर त्यांतली दोन-तीनच दिसतात. बाकीची अजून मऊ कूर्चेच्या रूपात असतात. एकेक करून ती पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत घट्ट होऊ लागतात, शेवटचं तर नवव्या वर्षानंतर. या हाताला माती मळायची असते, मणी ओवायचे असतात, वाळूत बोट फिरवायचं असतं, शेंगा सोलायच्या असतात. त्यातून बोटांत जोर आणि नेमकेपणा येतो. त्याच हातात पेन्सिल देऊन चार रेघांत कॅपिटल आणि स्मॉल काढायला लावलं, की मूल अक्षर काढतं खरं, पण अंगठा आखडून, खांदा उचलून आणि लिहिण्याबद्दलची नावड मनात साठवून. अंगणवाडीत मूल ‘नुसतं खेळतं’ ही तक्रार म्हणूनच मला चुकीच्या दिशेची वाटते. खरी तक्रार असायला हवी ती पुरेसं खेळत नाही, याची.

भाषेचंही तसंच. तीन ते सहा या वयात मूल वाक्य जोडायला शिकतं: ‘पाऊस आला म्हणून आम्ही आत गेलो’, ‘आजी येईल तेव्हा मी दाखवीन’. हे ‘म्हणून’ आणि ‘तेव्हा’ म्हणजे पुढच्या सगळ्या गणिताची आणि विज्ञानाची सुरुवात. ती घरच्या बोलीतच होते. अहिराणी असो, वऱ्हाडी असो, कोरकू असो. ज्या बाईला मुलाची बोली कळते आणि जी त्याच्या बोलण्याला उलट प्रश्न विचारते, ती त्याला शिकवत असते. इंग्रजी कविता पाठ म्हणून दाखवणारं मूल पाहुण्यांसमोर छान दिसतं. पण त्याला ‘काल काय झालं?’ विचारल्यावर ते गप्प राहत असेल, तर ते कौतुक तिथेच थांबवावं.

सरकारची दिशा निदान कागदावर बदलते आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला. मे २०२३ मध्ये ‘पोषण भी पढाई भी’ हा कार्यक्रम आला, २०२४ मध्ये तीन ते सहा वर्षांसाठी ‘आधारशिला’ हा अभ्यासक्रम. महाराष्ट्रात त्याआधीपासून ‘आकार’ अभ्यासक्रम आहे. कागद चांगले आहेत. पण ते सगळे त्याच एका बाईच्या टेबलावर येऊन पडतात, आणि तिच्याकडे टेबलही नसतं.

म्हणून यंदा प्रवेश घेण्याआधी एक करा. तुमच्या गल्लीतल्या अंगणवाडीत आणि तुम्हाला आवडलेल्या त्या खासगी वर्गात एकेक तास नुसतं बसा. भिंती बघू नका. मुलं किती बोलतात आणि मोठी माणसं किती, हे ऐका. मुलानं काही विचारलं तर त्याला उत्तर मिळतं का? हाताळायला वस्तू मुलांच्या उंचीवर आहेत, की कपाटावर बांधून ठेवल्या आहेत? मुलं बाहेर, मोकळ्या जागेत जातात का? रडणाऱ्या मुलाला कुणी जवळ घेतं का? जिथे या प्रश्नांची उत्तरं बरी मिळतील, तिथे मुलाला घाला. मग ती समाजमंदिराची खोली असली तरी.

आणि अंगणवाडी निवडलीत, तर नुसतं मूल सोडून परतू नका. आठवड्यातून एक तास तुमच्यापैकी कुणीतरी तिथे गोष्ट सांगायला बसा. आजोबा चालतील, आजी तर उत्तमच. तुमच्या नगरपालिकेच्या शाळेत पट कमी होऊन रिकाम्या पडलेल्या खोल्या किती आहेत ते विचारा आणि अंगणवाडीला त्यांतली एक द्यायला सांगा. पुढच्या निवडणुकीत मत मागायला कुणी दारात आलं, तर रस्ता आणि गटार यांच्याबरोबर तिसरी मागणी घाला: आमच्या वॉर्डातल्या प्रत्येक अंगणवाडीला फक्त शिकवण्यासाठी, अर्ध्या दिवसाची का होईना, आणखी एक बाई द्या.